शेवटच्या तोडणीचा वास

मी एक जुने यंत्र आहे, मित्रांनो. पावाच्या डब्याएवढे, झाकणाला तडा गेलेले. पिशवीतली सगळी हवा ओढून घ्यायची आणि मग गरम पट्टीने तिचे तोंड चिकटवून टाकायचे, एवढेच मला येते. मोटुएका गावाबाहेर कोरलीच्या गॅरेजमध्ये, मोठ्या फ्रीजरशेजारच्या फळीवर माझे घर आहे. तिथून मला सगळे दिसते, आणि त्याहून जास्त ऐकू येते.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी आरशासारखे चकचकीत होते. माझा पहिला संसार मासे पकडणाऱ्या एका कुटुंबात झाला. धुरावर भाजलेला कहावाई मासा, हरणाच्या मटणाचे तुकडे, काय काय मी बंद केले! उन्हाळ्यात तर माझी पट्टी थंडच व्हायची नाही. "हे यंत्र म्हणजे घरातलं माणूसच," असे तिथली आई म्हणायची. पुढे त्यांनी होडी विकली आणि घरातले माणूस कपाटाच्या तळाशी गेले. जॅमच्या रिकाम्या बरण्यांमागे मी किती वर्षे काढली कोण जाणे. मग एकदा शाळेच्या जत्रेत जुन्या सामानाच्या टेबलावर मला मांडले, आणि शाळेची बस चालवणाऱ्या कोरलीने मला उचलले. फुंकर मारून धूळ उडवत ती म्हणाली, "चाललं तर चाललं. नाही तर वर कुंडी ठेवीन."

कोरलीला घरी बिअर करायचा नाद होता. बिअर हे मोठ्या माणसांचे पेय, तुम्हाला त्याच्याशी काही देणेघेणे नाही. पण तिच्यात जे हॉप घालतात ते ओळखून ठेवा. उंच दोऱ्यांवर चढणाऱ्या वेलीची ती हिरवी, कागदासारखी बोंडे. बोंड उकलले की आत पिवळीधमक पूड असते, आणि सगळा वास त्या पुडीत. लिंबाची साल, कापलेले गवत, पिकलेले पीच, ज्याला जे सापडेल ते. मात्र हा वास भारी हळवा. हवा लागली, ऊन लागले, ऊब लागली की तो आधी विरतो आणि मग नासतो.

माझ्या अंगाला तेव्हा अजून माशाचा वास होता. पहिल्या वर्षी कोरलीने मला नुसते पुसून घेतले आणि हॉप पिशव्यांत बंद केले. त्या बिअरचा घोट घेऊन तिचा दीर डगल अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "छान झालीय कोरली. सोबत लिंबाची फोड आणि तळलेले बटाटे दे." कोरलीने त्याच्या हातातला ग्लास काढून घेतला आणि दुसऱ्या दिवशी मला सोड्याने घासघासून न्हाऊ घातले. तेव्हापासून मी फक्त हॉपचे.

शेजारी ॲथॉल आजोबा आणि नेस्टा आजी राहतात. आजोबांची हॉपची बाग त्यांच्याही आजोबांनी लावलेली. वेलींची जात जुनी, आता ती कुणी लावत नाही आणि मोठे कारखाने ती घेत नाहीत. आजोबांचे गुडघे थकले, बाग विकली गेली. हिवाळ्यात वेली उपटून तिथे सफरचंदाची झाडे लावणार होते. मार्चमध्ये, म्हणजे आमच्याकडे उन्हाळा सरतो तेव्हा, शेवटची तोडणी झाली, आणि वाळवलेल्या हॉपचे एक पोते आजोबांनी आमच्या गॅरेजमध्ये आणून टेकवले.

"वसंतात नेल्सन शहरात तुमची घरच्या बिअरची स्पर्धा असते ना," ते कोरलीला म्हणाले. "याची बिअर कर, पोरी. एकदा तरी परक्या नाकांना कळू दे, आमच्याकडे काय होतं ते."

म्हणजे सबंध हिवाळा तो वास टिकवायचा होता. आणि असे दुसरे पोते आता जगात कुठेच मिळणार नव्हते.

आता आमच्या खोऱ्यातली एक रीत सांगते. हॉपच्या घरी पाहुणा आला की त्याच्या तळहातावर हॉपची चिमूट ठेवतात. त्याने दोन्ही हात चोळायचे, ओंजळीत नाक खुपसायचे आणि डोळे मिटून "वा" म्हणायचे. ती चिमूट पुढे न करणे म्हणजे दारी आलेल्याला पाणीसुद्धा न विचारणे. पोत्याची बातमी पसरली आणि गॅरेजमध्ये रीघ लागली. टपालवाली आली, बिअर करणारे दोस्त आले, बसमधल्या मुलांचे आईबाप आले. आजोबा स्वतः पोत्याचे तोंड सोडायचे आणि चिमटीऐवजी मूठमूठ वाटायचे. कोरलीच्या जिवाची नुसती घालमेल. पण ज्याची बाग त्यालाच कसे अडवायचे? पाहुणे गेले की पोत्याला पुन्हा सुतळी. मी फळीवर ताटकळत होते, आणि माझा प्लग लावायचे कुणाच्या मनात येत नव्हते.

एक दिवस नेस्टा आजी आल्या. त्यांनी हात चोळले, वास घेतला आणि विचारले, "मोजे कुणाचे आहेत हे?"

डगल छताकडे बघायला लागला.

"ॲथॉल," आजी म्हणाल्या, "वास दाखवता दाखवता वासच संपवशील तू."

पोत्याच्या वरच्या थराला जुनाट चीजचा वास यायला लागला होता. ते सगळ्यांना कळले होते, तरी आजोबांचे तोंड बघून सगळे "वा" म्हणत होते. आजोबांनी हळूच दोन्ही हात खिशात घातले. कोरलीने वरचा थर खतात टाकला. खालची बोंडे अजून हिरवी होती, बोटांना चिकटत होती, आणि त्यांचा वास गॅरेजभर घमघमत होता. तेव्हा कुठे माझा प्लग भिंतीत गेला.

चांदीच्या रंगाच्या जाड पिशव्या होत्या. मी जीव तोडून हवा ओढली, पिशव्या विटांसारख्या टणक झाल्या. सकाळी बघते तो सगळ्या उशांसारख्या मऊ! डगल म्हणाला, म्हातारं दमलं आता, टाकून दे. कोरलीने त्याचे ऐकले नाही. तिने माझी पट्टी तपासली, ती धड होती. मग तिने पिशवीचे तोंड खिडकीच्या उजेडात धरले आणि हसायलाच लागली. चिकटवलेल्या जागी ती पिवळी पूड अडकली होती. हॉप भरताना ती काठाला लागत होती आणि तिच्यातून हवा गुपचूप आत शिरत होती.

मग चित्र काढायला बसलेल्या मुलाच्या बाह्या आपण दुमडतो, तशी कोरलीने नव्या पिशवीची कड बाहेर दुमडली. हॉप भरले, कड उलगडली, आणि तोंड कसे कोरे करकरीत! माझ्याकडून तिने त्याला एकाखाली एक अशा दोन शिवणी घालून घेतल्या. या पिशव्या टणक झाल्या त्या टणकच राहिल्या. फ्रीजरच्या तळाशी, मटारच्याही खाली त्यांना जागा मिळाली. झाकणावर कोपर टेकून कोरली डगलला म्हणाली, "आता इकडे येशील तेव्हा नाक घरी ठेवून ये."

हिवाळ्यात बागेतल्या वेली उपटल्या त्या दिवशी आजोबा एकटेच आले. ट्रॅक्टरचा आवाज गॅरेजपर्यंत येत होता. कोरलीने काही न विचारता फ्रीजर उघडला आणि एक पिशवी त्यांच्या हातात ठेवली. आता ही उघडली जाणार, असे मला वाटले. आजोबांनी "उघड" म्हटले नाही. पिशवी मांडीवर घेऊन ते अंगठ्याने माझी शिवण चाचपत राहिले.

"घट्ट आहे गं," ते म्हणाले. "घे, ठेव लवकर. ऊब लागेल."

मित्रांनो, माझे कौतुक पुष्कळांनी केले आहे. पण मला जपून ठेवावेसे वाटते ते हे.

वसंत आला. कोरलीने पिशव्या कापल्या आणि सगळे हॉप त्याच दिवशी बिअरमध्ये ओतले, उरवून ठेवले नाहीत. बाटल्या गडद तपकिरी घेतल्या. फेस गळ्यापर्यंत चढला की वर हवेला जागाच उरत नाही, नेमके तेव्हा प्रत्येक बाटलीला बूच ठोकले. बर्फाच्या पेटीत बसून त्या नेल्सनला गेल्या. डगलनेही आपली बिअर स्पर्धेत उतरवली होती, पण त्याच्या बाटल्या पारदर्शक होत्या. आतला सोनेरी रंग लोकांना दिसावा म्हणून त्याने त्या वाटभर गाडीच्या काचेशी उन्हात मांडल्या, आणि परीक्षकांनी नुसत्या हुंगून बाजूला सारल्या.

मी तिथे नव्हते, पण पुढचे आमच्या गॅरेजमध्ये इतक्यांदा सांगून झाले आहे की मला पाठ आहे. कोरलीचा दुसरा नंबर आला. ढाल देताना परीक्षकबाईंनी विचारले, की हे ताजे हॉप कोणते, आम्हाला कुणालाच ओळखता आले नाहीत, कुठे मिळतील? कोरलीने मागच्या खुर्चीकडे बोट केले. आजोबा उभे राहिले. म्हणाले, आता नाही मिळणार, पण होते आमच्याकडे. मग बागेचे नाव सांगितले. सगळे सभागृह टाळ्या वाजवत होते आणि नेस्टा आजी त्यांचा कोट खाली ओढत होत्या, बस आता, बस.

त्याच दिवशी सगळे इथे परतले आणि उरलेली बाटली उघडली. डगलने स्वतःचा ग्लास आधी भरून घेतला आणि बोलणी खाल्ली. आजोबांनी ग्लासात नाक घातले ते काढेचनात.

"अरे, पी आता," आजी म्हणाल्या. "गार आहे तोवर."

"थांब गं," ग्लासातूनच आजोबा म्हणाले. "अजून मार्चच चाललाय."

मित्रांनो, आवडती गोष्ट सारखी उघडून दाखवू नका. तोंड पुसून, घट्ट मिटून, थंड अंधारात ठेवा. माझ्यासारख्या म्हाताऱ्यांची पट्टी अधूनमधून ओल्या फडक्याने पुसत जा. आणि खरा दिवस उजाडला की हात आखडू नका. सगळी पिशवी ओता.