गोलातली फुली

मी एक जुनं भिंग आहे, मित्रांनो. पितळी कडा, लाकडी मूठ आणि काचेवर डावीकडे एक ओरखडा. उगाच नंतर रडगाणं नको, म्हणून ओरखड्याचं आत्ताच सांगून टाकलं.

मला कुणी घडवलं ते मला माहीत नाही. माझी आठवण सुरू होते डेट्रॉइटमधल्या एका हार्डवेअरच्या दुकानात. तिथून मला शशिकांतकाकांनी उचललं. तेव्हा ते कुणाचे काका नव्हते, नुकतेच साताऱ्याहून आलेले तरुण इंजिनियर होते. गाडीच्या गिअरला बारीक तडा गेलाय का, हे ते माझ्यातून बघायचे. "याच्यातून काही सुटत नाही," असं चारचौघांत सांगायचे. मला केवढा अभिमान वाटायचा!

मग कारखान्यात कॉम्प्युटर आले, काका रिटायर झाले आणि माझी रवानगी डेट्रॉइटजवळच्या ट्रॉय गावातल्या त्यांच्या घरात, किचनच्या ड्रॉवरमध्ये झाली. सोबतीला संपलेल्या बॅटऱ्या आणि रबरबँड. कुणाच्या बोटात कुसळ गेलं तरच माझी आठवण. सुरुवातीला वाईट वाटायचं. पुढे तेही वाटेनासं झालं.

या हिवाळ्यात मात्र काकांनी मला स्वतः बाहेर काढलं आणि शर्टाच्या टोकाने पुसलं. कारण होतं त्यांचे वडील.

काका तान्हे असताना त्यांचे वडील डेट्रॉइटला शिकायला आले होते. आधी पत्रं यायची, मग पत्रं थांबली आणि तेही परत आले नाहीत. काकांची आई सरलाआजी. "अडकले असतील कुठेतरी, येतील," असं म्हणत त्यांनी शेवटपर्यंत रोज कुंकू लावलं. जाण्याआधी काकांना म्हणाल्या, "तू तिथेच असतोस ना? ते राहायचे कुठे, तेवढं बघ रे." काका हो म्हणाले होते. पण पत्त्यापेक्षा त्यांना दुसरंच काही हवं होतं. वडिलांच्या मनात परत यायचं होतं, एवढं कुठूनतरी कळायला हवं होतं.

त्यांची नात उर्वी अमेरिकेच्या १९४० च्या जनगणनेची जुनी पानं चाळत बसायची. भारतात जन्मलेला, वंशाच्या रकान्यात 'हिंदू' लिहिलेला माणूस शोधायची; तेव्हा तिथे भारतीयांची नोंद तशीच करायचे. एक दिवस सापडला. वय जुळलं, नावही जुळलं. एका बाईच्या घरी भाडेकरू. ते घर ज्या रस्त्यावर होतं, तो काकांच्या जुन्या कारखान्याच्या अगदी मागचा. काका वर्षानुवर्षं तिथूनच ड्राइव्ह करायचे.

स्क्रीनवर काकांना धड दिसेना. "मोठी प्रिंट काढ," ते म्हणाले आणि मला कागदावर धरलं. मी माझं काम केलं. लग्नाच्या रकान्यातलं अक्षर मोठं करून दाखवलं.

"विधुर," काकांनी वाचलं.

त्या वर्षी साताऱ्यात सरलाआजी बाळाला मांडीवर घेऊन पत्राची वाट बघत होत्या.

काकांची मुलगी सुनेत्रा घाईने म्हणाली, "बाबा, घरमालकिणीने दिलं असेल ठोकून काहीतरी. तिला काय माहीत, यार!"

"देअर्स अ मार्क फॉर दॅट," उर्वी हळूच म्हणाली. "ज्याने उत्तरं दिली, त्याच्या नावापुढे सर्कलमध्ये क्रॉस असतो."

काकांनी मला घरमालकिणीच्या नावावर नेलं. तिथे काही नव्हतं. मग खाली वडिलांच्या नावावर आणलं.

मित्रांनो, मला त्या क्षणी फुटून जावंसं वाटलं. पण भिंगाला डोळे मिटता येत नाहीत. गोल होता, गोलात फुली होती. शाई चांगली ठळक होती.

"बरं," काका म्हणाले. "चहा टाका कुणीतरी."

रविवारी ते घर बघायला जायचं आधीच ठरलं होतं. "कॅन्सल करू या का?" सुनेत्राने विचारलं. काका म्हणाले, "कशाला? आईला हो म्हटलंय." मी त्यांच्या कोटाच्या खिशात होतो तसाच पडून, म्हणून मला सगळं कळलं. घर पाडलेलं होतं. नुसतं गवत आणि त्यावर बर्फ. काका थोडा वेळ उभे राहिले. "थंडी आहे, चला," म्हणाले. रडले नाहीत. मलाही काही वाटलं नाही. ते का वाटलं नाही, हे मला अजून समजलेलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी भिंतीवरचा सरलाआजींचा फोटो उतरवला, टेबलावर ठेवला आणि माझ्यातून बघत बसले.

"आजोबा, व्हॉट आर यू लुकिंग फॉर?" उर्वीने विचारलं.

"कुंकू जरा तिरकं लागलंय," काका म्हणाले. "इतकी वर्षं फोटो समोर होता. कधी बघितलंच नाही नीट."

मित्रांनो, आता मी परत ड्रॉवरमध्ये आहे. जुन्या वस्तू पुसून ठेवा, जपा, असं मी सांगायला हवं. पण माझं राहू द्या. काका अजून टेबलापाशीच बसलेत. त्यांच्याजवळ कुणीतरी जाऊन बसा.