प्रार्थना परत घ्या

लॉन्ड्रीवालीच्या मनात पाल चुकचुकायला फारसं निमित्त लागत नसे. दूधवाला हसून बोलला की ती पातेलं उजेडात धरून बघे. नवरा आपणहून भांडी घासायला उठला की "अहो, काय मोडलंत?" असं आधी विचारून घेई. त्यामुळे मास्तरांचा करडा कोट दुकानात सापडेना तेव्हा तिला धक्का बसला असं काही म्हणता येणार नाही. इतके दिवस ज्याची वाट बघत होतो ते एकदाचं झालं, असंच तिला वाटलं असावं.

मास्तर काउंटरपाशी पावती धरून उभे होते. कोट धुवायला टाकून त्यांना चार महिने झाले होते. थंडी पडली आणि त्यांना आठवण झाली. तिने सगळ्या दांड्या पालथ्या घातल्या. कोट नव्हता.

"रविवारपर्यंत मिळेल," ती म्हणाली. कशाच्या जोरावर म्हणाली ते तिलाच ठाऊक नव्हतं.

"आणि नाही मिळाला तर रविवारी मी काय घालून चर्चला येऊ?" मास्तर म्हणाले आणि खांदे आखडून निघून गेले.

दुकानाच्या मागच्या खोलीत भिंतीला एक दांडी होती. लोकांनी धुवायला टाकलेले आणि न्यायला विसरलेले कपडे तिच्यावर लटकत. घरातले तिला 'अनाथ दांडी' म्हणत. सहा महिने वाट बघायची आणि मग ते चर्चच्या कपड्यांच्या दानपेटीत टाकायचे, असा नवऱ्याचा नियम. पेटीत टाकायचं काम मात्र लेकीकडे. लेक आठ वर्षांची, घरात सगळे तिला पिटुकली म्हणत. तिला लहानपणापासून देण्याची सवय लागावी म्हणून नवरा कपड्यांची चळत तिच्या हातात ठेवी आणि म्हणे, "येशूनं काय शिकवलंय? या हातानं दिलेलं त्या हाताला कळू द्यायचं नाही. गाजावाजा करायचा नाही." पाळकसाहेब मात्र वर्षातून एकदा व्यासपीठावरून या कुटुंबाचा गाजावाजा करीत. त्या दिवशी तिघंही पहिल्या बाकावर बसत.

मास्तरांचा कोट त्याच दांडीच्या अलीकडच्या टोकाला होता, हे तिला पक्कं आठवत होतं. मग तिला हेही आठवलं की मागच्या आठवड्यात तिथला एक लोकरी स्वेटरही दिसला नव्हता. तेव्हा तिने नजरचूक म्हणून सोडून दिलं होतं. आता दोन्ही गोष्टी तिने एकमेकींना जोडल्या आणि मान वळवून इस्त्रीच्या टेबलाकडे पाहिलं.

इस्त्रीवाल्या मावशी तीन महिन्यांपूर्वी कामाला लागल्या होत्या. वयस्क बाई, हात झरझर चाले, तोंड मुळीच चालत नसे. हेच लॉन्ड्रीवालीला खटके. बाईमाणूस दिवसभर उभी राहते आणि चकार शब्द काढत नाही म्हणजे काय? डबा खायची तो भिंतीकडे तोंड करून. शिवाय तिची ती पिशवी! कापडी, काळी, चांगली ऐसपैस. डब्याला एवढी मोठी पिशवी कशाला लागते?

"नक्कीच पाणी मुरतंय," रात्रीच्या जेवणाला ती नवऱ्याला म्हणाली.

"कुणावर उगाच आळ घेऊ नये."

"मी कुठं आळ घेतेय? मी फक्त लक्ष ठेवणार आहे."

"लक्ष ठेव. पण प्रेमानं ठेव," नवरा म्हणाला. प्रेमानं लक्ष कसं ठेवतात हे त्याने सांगितलं नाही. पिटुकली पोळीचा तुकडा हातात धरून दोघांकडे बघत होती, म्हणून विषय तिथेच थांबला.

दुसऱ्या दिवशी लॉन्ड्रीवालीने सापळा लावला. अनाथ दांडीवर एक उंची तांबडी शाल होती, कुणा नवरीच्या आईची असावी. तिच्या कोपऱ्यात आतल्या बाजूने तिने पांढऱ्या दोऱ्याची गाठ मारली आणि शाल मुद्दाम सगळ्यांत पुढे टांगली. मग दिवसभर डोळ्यांत तेल घालून बसली. गिऱ्हाइकाला पावती देताना अर्धी नजर मावशींवर, सुटे पैसे देताना अर्धी नजर मावशींवर. एका गिऱ्हाइकाला तिने दुसऱ्याच्याच विजारी दिल्या. मावशी वाफेत उभ्या राहून शर्टांच्या कॉलरी दाबत राहिल्या. दोन दिवस शाल जागची हलली नाही. तिसऱ्या दिवशी ती गेली.

त्या दुपारी चर्चमध्ये महिलांची प्रार्थना सभा होती. सभेची रीत अशी की शेवटी प्रत्येकीने आपली विनंती सांगायची आणि मग सगळ्यांनी मिळून तिच्यासाठी प्रार्थना करायची. कुणाच्या सुनेचं बाळंतपण, कुणाच्या मुलाची परीक्षा. लॉन्ड्रीवालीची पाळी आली तेव्हा तिचं पोट त्या शालीच्या बातमीने तट्ट फुगलेलं होतं. चुगली करणं पाप आहे हे तिला माहीत होतं, पण प्रार्थनेची विनंती ही काही चुगली नव्हे.

"एका भगिनीसाठी विनंती आहे," ती डोळे मिटून म्हणाली. "नाव घेत नाही. आमच्याकडे इस्त्री करतात त्या. मोहात पडल्यात. हात स्वच्छ राहिले नाहीत त्यांचे. प्रभूनं त्यांना पश्चात्ताप द्यावा."

"अरेरे," बायका म्हणाल्या. पाळकबाईंनी अगदी कळवळून प्रार्थना केली. दोघीतिघींनी डोळे पुसले. त्यांतली एक मावशींच्याच गल्लीत राहायची, आणि 'आमेन' म्हणून होताच तिला घरी जायची घाई झाली.

लॉन्ड्रीवाली हलक्या मनाने दुकानात परतली. नवरा कपडे पोचवायला गेला होता, मावशी घरी निघायच्या तयारीत होत्या. आता प्रार्थनेचं पाठबळ होतंच. तिने पुढे होऊन पिशवीवर हात ठेवला.

"मावशी, जरा बघू द्या."

मावशींनी तिच्याकडे पाहिलं आणि पिशवी स्वतःच टेबलावर पालथी केली. डबा, घामाचा रुमाल, गुडघ्याला बांधायचा पट्टा, औषधाची बाटली, घरी जाताना पायात घालायचे कापडी बूट. बाकी काही नाही. लॉन्ड्रीवालीने पिशवीच्या तळाशी हात घालून चाचपलं, तेवढं पुरेसं नव्हतं म्हणून पिशवीची आतली बाजू बाहेर करूनही पाहिली.

"शाल कुठंय?" ती म्हणाली, पण आवाजात मघाचा दम नव्हता.

मावशींनी एकेक वस्तू परत भरली. "उद्यापासून येणार नाही," एवढंच म्हणून त्या गेल्या.

"मावशी का गेल्या?" पिटुकलीने संध्याकाळी विचारलं.

"गुडघे दुखतात त्यांचे," आईने सांगितलं.

पुढचे काही दिवस लॉन्ड्रीवालीने स्वतः इस्त्री केली आणि बोटं भाजून घेतली. पण जिवाला एक शांती होती. घाण गेली, दुकान स्वच्छ झालं. मग एका सकाळी ती मागच्या खोलीत गेली तर अनाथ दांडीवरचं एक लहान मुलाचं जाकीट नाहीसं झालेलं.

मावशी तर नव्हत्या. मग कोण? दुकानाच्या किल्ल्या दोघांकडेच. संध्याकाळभर तिने नवऱ्याला निरखलं. पोचवायला जातो म्हणतो आणि येतो उशिरा. परवा शीळ घालत होता. या वयात शीळ? कुणाला लोकरी स्वेटर, कुणाला तांबडी शाल... आणि आता लहान मुलाचं जाकीट!

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दुकान उघडलं आणि स्वतः मागच्या खोलीत, लांब झग्यांच्या आड जाऊन उभी राहिली. नवरा दोनदा आत आला. एकदा साबण न्यायला, एकदा नाक शिंकरायला. मग दार हळूच उघडलं आणि शाळेचा गणवेश घातलेली पिटुकली आत आली.

तिने स्टूल ओढलं. दांडीवरची एक घोंगडी उतरवली, आईने शिकवली होती तशी कोपऱ्याला कोपरा जुळवून घडी घातली आणि दप्तरात कोंबली. वही बाहेर राहिली ती काखेत मारली. ना घाई, ना इकडे तिकडे बघणं. दानपेटीकडे जाताना चेहरा असायचा तसाच आजही होता.

लॉन्ड्रीवाली तिच्या मागोमाग रस्त्यावर आली. दोन वळणांपलीकडे एक गोदाम होतं, त्याच्या फाटकाशी पत्र्याची खोली. तिथे रखवालदार आपल्या बायकोसह आणि नातवासह राही. म्हातारा बाकावर बसला होता. अंगात मास्तरांचा करडा कोट. त्याची बायको चूल पेटवत होती, खांद्यावर तांबडी शाल. शालीच्या उलटलेल्या कोपऱ्यात पांढऱ्या दोऱ्याची गाठ दुरूनही दिसत होती.

लॉन्ड्रीवालीने लेकीला फाटकापाशीच दंडाला धरलं आणि कोपऱ्यावर ओढत नेलं.

"हे काय केलंस तू? चोरी केलीस?"

पिटुकलीला आधी शब्द कळलाच नाही. "चोरी? मी दिलं. त्यांचं बाळ रात्रभर खोकतं, आई."

"विचारलंस का आम्हाला?"

"पप्पा म्हणाले ना, देताना कुणाला सांगायचं नाही."

"अगं, पण ते लोकांचे कपडे होते! आपले नव्हते!"

"आपण पेटीत टाकतो ते पण लोकांचेच असतात," पिटुकली म्हणाली. "तुम्ही सहा महिने थांबता. यांना थंडी आत्ता वाजते." आणि मग, खरोखरच माहिती हवी होती म्हणून तिने विचारलं, "आपले कपडे कधी द्यायचे असतात?"

इतक्या वर्षांत त्या पेटीत घरातला साधा मोजाही गेला नव्हता. मग तिला पालथी केलेली काळी पिशवी आठवली आणि थंडीतही तिच्या कानशिलांना चटका बसला.

नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. मग कपाटातून आपला चर्चचा कोट काढला आणि मास्तरांकडे गेला. रखवालदाराच्या अंगातला कोट मागून घ्यायची त्याची छाती झाली नाही. नवऱ्याचा कोट मास्तरांना पोटावर घट्ट होत होता, पण त्यांनी आढेवेढे न घेता ठेवून घेतला. कोट देऊन नवऱ्याचं काम भागलं. बायकोचं भागणार नव्हतं.

ती पिटुकलीला घेऊन मावशींच्या घरी गेली. सोबत केक नेला होता. मावशी दारातच उभ्या राहिल्या, आत या म्हणाल्या नाहीत.

"माझं चुकलं, मावशी," लॉन्ड्रीवाली म्हणाली. "कपडे हिनं नेले होते. तुम्ही उद्यापासून या. हा केक..."

"मी नेले मावशी," पिटुकली रडवेली होऊन म्हणाली. "मला माहीत नव्हतं तुम्ही त्यासाठी गेलात. आई म्हणाली गुडघे दुखतात."

मावशींनी पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. केककडे पाहिलंही नाही.

"पिशवी बघितलीत त्याचं एवढं काही नाही," त्या म्हणाल्या. इतकं लांब वाक्य लॉन्ड्रीवालीने त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. "पण तुम्ही माझ्यासाठी प्रार्थना करवलीत. आता या गल्लीत मी दिसले की बायका दोरीवरचे कपडे आत घेतात. दुसरीकडे काम मागायला गेले तर आधीच कळलेलं असतं. ती प्रार्थना परत घ्या, बाई. मला दुसरं काही नको."

दार लागलं. केक तसाच घरी आला आणि कुणी खाल्ला नाही.

पुढच्या सभेपर्यंत लॉन्ड्रीवालीने मनाशी सगळं नीट जुळवलं होतं. साक्ष द्यायची. देवानं एका लहानग्या लेकराच्या हातून आपल्या घराला कसा धडा दिला, ते सांगायचं. रखवालदाराचं खोकणारं बाळ, घोंगडीची घडी, लेकीचा तो प्रश्न. मावशींचा उल्लेख ओघात येईल. तिने पिटुकलीला शेजारी बसवलं आणि आपली पाळी आल्यावर उभी राहिली.

गोष्ट रंगली. घोंगडीपर्यंत येता येता बायकांनी रुमाल काढले. "किती गुणी पोर!" कुणीतरी म्हणालं. "आईबापांचे संस्कार," दुसरी म्हणाली. पाळकबाई "हालेलुया" म्हणायच्या बेतात होत्या. आणि लॉन्ड्रीवालीला ते आवडलं. अगदी मनापासून आवडलं. वर्षातून एकदा पहिल्या बाकावर जसं आवडायचं तसंच. त्याच क्षणी तिचं तिलाच कळलं की ही साक्ष संपली की आपण आणखी मोठ्या होऊन घरी जाऊ, आणि मावशी होत्या तिथेच राहतील.

ती थांबली. पिटुकलीने वर पाहिलं.

"हे सगळं सोडा," लॉन्ड्रीवाली म्हणाली. "मागच्या वेळी मी या जागी उभी राहून इस्त्रीवाल्या मावशींना चोर म्हटलं. प्रार्थना हे नुसतं निमित्त होतं, मला ते चार जणींना सांगायचं होतं. त्यांनी काहीही घेतलं नव्हतं. मी त्यांची पिशवी पालथी करायला लावली, त्यांची रोजी घालवली आणि घरी येऊन निवांत जेवले. त्यांच्यासाठी केलेली ती प्रार्थना मला परत घ्यायची आहे. तुमच्यापैकी जिनं जिनं ते बाहेर सांगितलं, तिनं जाऊन हेही सांगा. मी खोटं बोलले, असंच सांगा."

कुणी 'आमेन' म्हटलं नाही. रुमाल हळूहळू परत जाऊ लागले. मावशींच्या गल्लीतली बाई आपल्या चपलांकडे बघत बसली. शेवटी सभेची रीत मोडू नये म्हणून पाळकबाईंनी विचारलं, "मग... आता आपण कुणासाठी प्रार्थना करायची?"

"माझ्यासाठी," लॉन्ड्रीवाली म्हणाली.

बायकांनी माना खाली घातल्या. आता यांच्यातल्या किती जणी अर्ध्या डोळ्यांनी आपल्याकडे बघताहेत, असा संशय तिला आला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिने तो तपासून पाहिला नाही. ती डोळे मिटून उभी राहिली.