वास नसलेला घाम

नंदकुमारांचा शर्ट पाठीवर चिंब ओला होता, पण त्याला घामाचा वास नव्हता. बालदीत टाकण्याआधी नीलाने तो दोनदा हुंगला आणि तिचं डोकं फिरलं.

तीस वर्षं या माणसाने चारकोपच्या त्यांच्या घरात सकाळी सहा ते सात संडास अडवून ठेवला होता. बाहेर घरच्यांची तारांबळ, आत पेपरची पानं. रोज रात्री इसबगोल, तरी रड तीच. शेवटी डॉक्टरांनी खडसावलं, "बसून बसून आतडी सुस्तावलीत तुमची. रोज तासभर चाला." बूट आले. आणि काय चमत्कार! तीन महिने झाले, सकाळी घरातला संडास मोकळा. गार्डनमधून परतले की नंदकुमार ऐटीत सांगत, "चाललं की आतडी हलतात. पोट एकदम झकास!" त्यांचं ऐकून सोसायटीतले निम्मे म्हातारे चालायला लागले होते, आणि त्यांना खरोखर गुण येत होता.

नीलाला मात्र कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटत होतं. चालणाऱ्याला भूक लागते; हा माणूस अर्ध्या पोळीवर उठायचा. पँट कमरेत सैल झाली होती. जन्मात रुमाल न धुतलेला नवरा हल्ली आतले कपडे स्वतः धुऊन वाळत घालत होता. परवा तिने बूट उलटे करून पाहिले. तीन महिने, रोज चार किलोमीटर, आणि सोलची नक्षी जशीच्या तशी. कोण असेल ती? कुठे बसतात दोघं? अठ्ठावन्नाव्या वर्षी ही थेरं! तिला संताप आला आणि रडूही.

दुसऱ्या दिवशी ती अंतर राखून मागोमाग निघाली. नंदकुमार गार्डनच्या फाटकातून शिरले ते थेट कोपऱ्यातल्या सार्वजनिक संडासात. वीस मिनिटांनी बाहेर आले तेव्हा चेहरा पांढराफटक पडला होता. मग नुसते बाकावर बसून राहिले. परतायची वेळ झाली तशी उठले, नळाखाली ओंजळ धरली आणि मानेवर, पाठीवर पाणी मारलं.

बाई कुठेच नव्हती. सैल पँट, स्वतः धुतलेले कपडे, सगळं नीलाच्या डोक्यात एकदम जुळलं. त्यापेक्षा एखादी बाई असती तर बरं झालं असतं, असं तिला त्या क्षणी खरंच वाटलं.

ती समोर जाऊन उभी राहिली. "किती दिवस रक्त पडतंय?"

"अगं, तू इथे कशी..."

"किती दिवस?"

"बूट आणले त्याच आठवड्यापासून." नळ बंद करायचंही त्यांना सुचेना. "दादाचं असंच सुरू झालं होतं ना गं. डॉक्टरकडे नेलं आणि चार महिन्यांत गेला."

"वर्षभर लपवलं त्यांनी, मग नेलं." तिचा आवाज फाटला. "आणि मी इथे तुमच्यावर नको ते संशय घेत बसले! मला तरी सांगायचं होतं हो."

तिने नळ बंद केला. "चला. डॉक्टर आठला येतात."

बाहेर येऊन तिने रिक्षाला हात केला. नंदकुमारांनी तो खाली घेतला. "चालत जाऊ. पंधरा मिनिटं तर आहेत."

"झेपेल?"

"तू धर ना हात."

नाक्यावर पोचेपर्यंत त्यांना दरदरून घाम फुटला. नीलाला त्याचा वास आला, आणि तिने हात आणखी घट्ट धरला.