राखाडी कोट परत घेऊन आलेली पेटी

मित्रांनो, मी अक्रोडाच्या लाकडाची एक जुनी पेटी आहे आणि मला एका जागी बसवत नाही. सध्या मला माळ्यावर ठेवलं आहे. वारा सुटला की छपराच्या फळ्या वाजतात आणि मला वाटतं, गाडी आली. गाडी येत नाही. मग मी जुनं आठवत बसते. आज ऐकायला तुम्ही आहात, तर सांगूनच टाकते.

तुम्हांला 'मित्रांनो' म्हणायची मला घरचीच सवय आहे. आमची माणसं क्वेकर पंथाची, ती एकमेकांना मित्रच म्हणतात. त्यांच्यात अहो-जाहो नाही. बायको नवऱ्याला नावानं हाक मारते, नातू आजोबांना अरे-तुरे करतो, आणि दारात न्यायाधीश आला तरी त्यालाही 'तू'च. महिन्यांना नावं नाहीत, नुसते आकडे. अंगावर भडक रंग नाही. खोटं बोलायचं नाही, शपथ घ्यायची नाही, आणि काहीही झालं तरी हातात शस्त्र धरायचं नाही.

मला मॉर्डेकायनं बनवलं. पेनसिल्व्हेनियातल्या त्याच्या शेतावर एक अक्रोड वादळात आडवा झाला, त्याच्या फळ्यांतून माझा जन्म. तेव्हा त्याची थोरली मुलगी फीबी लग्न करून दूर पश्चिमेला, आयोवात राहायला निघाली होती. मॉर्डेकायनं मला रंग दिला नाही, कडेला साधी वेलबुट्टीही कोरली नाही. "सामान ठेवायला आहे, मिरवायला नाही," म्हणाला. मला जरा वाईट वाटलं होतं, ते कशाला लपवू?

पण मग काम सुरू झालं आणि रुसायला सवड राहिली नाही. दर वर्षी नवव्या महिन्यात मॉर्डेकायची बायको टेसी मला भरायची. फीबीच्या पोरांसाठी लोकरीचे मोजे, फ्लॅनेलचे परकर, साध्या टोप्या, आणि मोकळ्या फटींत वाळवलेल्या सफरचंदाच्या फोडी. एक मात्र होतं, माझ्या पोटात कापसाचा धागा कधी गेला नाही. कापूस गुलामांच्या हातचा, म्हणून मॉर्डेकायनं तो घरातच येऊ दिला नव्हता. सगळ्यांत वर पत्र. मग आगगाडी, मग मोठ्या नदीवरची नाव, मग घोडागाडी, की आलं फीबीचं दार. चौथ्या महिन्यात मी उलट निघायची, लहान झालेले कपडे, रानातले अक्रोड आणि फीबीचं पत्र घेऊन. एकदा नाव कलंडली तरी माझ्यात थेंबभर पाणी शिरलं नाही. नावाड्यानं माझ्या झाकणावर थाप मारून शाबासकी दिली. तो प्रवास मी फुगूनच केला.

पत्राची एक रीत होती, ती लक्षात ठेवा. आलेलं पत्र आठवड्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे रविवारी, मौनसभेहून, म्हणजे सगळ्यांनी मिळून गप्प बसून करायच्या प्रार्थनेहून, घरी आल्यावर मॉर्डेकाय मोठ्यानं वाचायचा. शेजारी, नातलग, सभेतली वडीलधारी माणसं, मिळून पंधरा-वीस जण ऐकायला बसायचे. मग ते पत्र घरोघर फिरायचं, घड्यांवर फाटेपर्यंत. त्यामुळे सगळ्यांना ऐकवता येईल तेवढंच पत्रात यायचं.

मग गुलामगिरीवरून अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण भागांत युद्ध पेटलं. त्याच्या दुसऱ्या वर्षी टेसीनं आपल्या मुलासाठी, जोएलसाठी, एक कोट शिवला. जोएल वीस वर्षांचा होता आणि बहिणीच्या शेतीला हातभार लावायला एका हंगामापुरता आयोवात गेला होता. काळ्या आणि पांढऱ्या मेंढ्यांची लोकर एकत्र कातली की आपोआप राखाडी सूत निघतं, रंग द्यावा लागत नाही. त्या सुताचा तो कोट होता. इतकी सुबक शिवण माझ्यात आधी कधी आली नव्हती. कधी एकदा जोएलच्या हाती देते असं मला झालं होतं.

फीबीच्या स्वयंपाकघरात झाकण उघडलं, तेव्हा समोर जोएल उभा होता. अंगात निळा कोट, पितळी बटणांचा. निळा म्हणजे उत्तरेच्या सैन्याचा. तो फक्त दोन दिवसांच्या रजेवर आला होता.

"घालून तर बघ. आईनं शिवलाय," फीबी म्हणाली.

त्यानं निळा उतरवला, राखाडी चढवला आणि हसत सुटला. "आई म्हणजे धन्य आहे. अगं, हा दक्षिणेवाल्यांचा रंग. हा घालून मी पहाऱ्यावर गेलो तर माझेच सोबती आधी गोळी घालतील आणि मग नाव विचारतील."

"तिला काय ठाऊक? तिनं आयुष्यात सैनिक पाहिलाय का?"

"म्हणून तर म्हणतोय. असा कोट लढाईवर फक्त आपलीच माणसं पाठवणार."

फीबी हसली नाही. "मी पत्रात काय लिहू, जोएल?"

"काही लिहू नकोस."

"खोटं लिहिणार नाही मी."

"खोटं लिही असं कोण म्हणतंय? माझं नावच टाळ. ते पत्र वीस जणांसमोर बाबा वाचणार. आपल्याच तोंडानं त्यानं हे सांगायचं?" मग म्हणाला, "गुलामांपायी बाबानं घरात कापूस येऊ दिला नाही. मी त्याच रस्त्यानं चाललोय. जरा पुढपर्यंत, एवढंच."

"त्या रस्त्याच्या टोकाला माणूस मारायचा असतो."

"ठाऊक आहे," तो म्हणाला, आणि त्यानं कोट काढला.

हिवाळाभर मी फीबीच्या चुलीजवळ तळमळत पडून होते. चौथ्या महिन्यात तिनं मला भरलं. तळाशी तोच कोट, घडी करून. चिठ्ठी नाही, निरोप नाही. त्या वेळचा प्रवास मी जन्मात विसरणार नाही. पोर जिवंत आहे, धडधाकट आहे, हसतंय, हे मला ठाऊक होतं. पण पेटीला तोंड असतं ते उघडायला, बोलायला नव्हे. गाडी स्टेशनात थांबली की मी चिडायची आणि चालू लागली की भ्यायची.

टेसीनं मोजे काढले, परकर काढले, अक्रोड काढले. मग तिचा हात तळाला लागला आणि तिथेच थांबला.

आठवड्याच्या पहिल्या दिवशी पत्र वाचलं गेलं. पाऊसपाणी होतं, गाय व्याली होती, एका म्हाताऱ्याचं मरण होतं. जोएलचं नाव कुठेही नव्हतं. ऐकणाऱ्यांपैकी कुणी काही विचारलं नाही. सगळे उठले आणि आपापल्या घरी गेले.

"मेला असता तर फीबीनं लिहिलं असतं," माणसं गेल्यावर मॉर्डेकाय म्हणाला.

"मग लिहिलं का नाही?"

"लिहिता येण्यासारखं नसेल."

"मरणसुद्धा लिहिता येतं. त्याहून अवघड काय असतं रे?"

त्याला अंदाज आला होता, मी त्याचा चेहरा ओळखते.

"विचार तिला. तुझ्या हातानं पत्र लिही आणि विचार."

"विचारलं की फीबी खरं तेच लिहिणार," तो म्हणाला. "आणि खरं कळलं की मला सभेपुढे उभं राहून सांगावं लागणार. मग त्याचं नाव आपल्या सभेतून जाईल, टेसी."

त्यानंतर बाईला चैन पडेना. दिवसातून चारदा ती मला उघडायची, कोट काढायची, झटकायची, पुन्हा ठेवायची. माझ्या बिजागऱ्या दुखून आल्या. सहाव्या दिवशी ती कोट घेऊन खिडकीशी गेली आणि तिथूनच धाकट्या मुलीला हाक मारली.

"टॅमर, इकडे ये. हा खांदा बघ."

"उसवलाय."

"माझी शिवण आपोआप उसवते का?"

"तुझी? सांडशी लावावी लागते."

"मग हा त्यानं घातला. मेलेल्या माणसाचे खांदे रुंदावत नाहीत. कोट पोचला, त्यानं घातला, आणि परत दिला." बाई मटकन माझ्यावरच बसली. "जिवंत आहे. पण परत का दिला?"

टॅमर चुळबुळली. "आई, सांगू? दक्षिणेचं सैन्य राखाडी घालतं. मी स्टेशनावर कैदी पाहिले होते. हा घालून तो आपल्या सैन्यात..."

"आपलं सैन्य नसतं, टॅमर."

"आपलं नसेल ग. पण त्याचं असेल ना."

मला तर आतून टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. कळलं एकदाचं!

"अक्रोडाच्या सालींत बुडवून तपकिरी करते," टेसी शेवटी म्हणाली.

"तपकिरीही त्यांचाच. निम्मे कैदी तपकिरीत होते."

"मग उरलं काय?"

"निळा."

"निळा मी शिवणार नाही," टेसी म्हणाली. "माणूस मारायला जाण्याचा कोट माझ्या सुईतून निघायचा नाही. पोटचा असला तरी नाही."

मॉर्डेकायनं दाराशी उभं राहून सगळं ऐकलं. आता माहीत नाही असं म्हणणं खोटं झालं असतं. पुढच्या मासिक सभेत तो स्वतः उठला आणि आपल्या मुलानं बहुधा शस्त्र धरलं आहे, असं सांगितलं. सभेनं आयोवाला चौकशी केली. आठव्या महिन्यात जोएलला सभेतून कमी केल्याचा कागद वाचला गेला. वाळीत टाकणं आमच्यात नाही. तो घरी येऊ शकत होता, जेवू शकत होता, मौनात मागे बसूही शकत होता. पण आता तो त्यांच्यातला नव्हता. मॉर्डेकाय त्या दिवशी घरी आला आणि गोठ्यातच बसून राहिला, हे मला टॅमरच्या बोलण्यातून कळलं.

नववा महिना लागला. टेसीनं मला भरायला घेतलं, आणि मोज्यांच्या खाली लोकरीचे तीन आतले सदरे ठेवले. पांढऱ्या मेंढीच्या लोकरीचे, रंग न दिलेले.

मॉर्डेकायनं ते पाहिले. "हे कुणाला?"

"तुला ठाऊक आहे कुणाला."

"सैन्याच्या कोटाखाली जातील ते."

"त्याच्या कातडीवर जातील. ती कातडी मीच दिलीय त्याला. आतल्या सदऱ्याला कुठलं सैन्य नसतं, मॉर्डेकाय."

"पण उबदार हातानं बंदूक नीट धरता येते."

"आणि गारठलेलं पोर खोकून मरतं. तू दोरी बांध नाही तर नको बांधूस. मी शिवायचं ते शिवलं."

बाहेर गाडीवान येऊन थांबला होता. टॅमरनं त्याला ताक दिलं, ते पिऊन झालं, घोडा पाय आपटू लागला. मॉर्डेकाय हातात दोरी घेऊन माझ्यासमोर उभा होता आणि बांधत नव्हता. मी आतून ओरडत होते, बांध रे बाबा, बांध. टेसी चुलीकडे तोंड करून उभी होती. तिच्या हातात भांडं होतं आणि ते ती उगाच पुसत होती.

त्यानं दोरी खाली ठेवली. माझं झाकण उघडून पत्र काढलं, टेबलाशी बसला आणि लेखणी बुडवली. लिहिताना ओठांनी पुटपुटायची त्याला सवय होती, म्हणून आम्हां सगळ्यांना ऐकू आलं.

"जोएल, तुझ्या आईनं सदरे खांद्यात रुंद केले आहेत. काचत असतील तर कळव."

मग त्यानं मला बांधलं. इतकं आवळून यापूर्वी कधी बांधलं नव्हतं.

फीबीनं सदरे छावणीकडे पाठवले. हिवाळा सरला, मला परतीच्या वाटेवर एका गोदामात तीन आठवडे सैन्याच्या पोत्यांखाली कोंडलं, आणि मी रागानं जवळजवळ तडकले. शेवटी घर आलं. फीबीच्या पत्रात एक वेगळी चिठ्ठी होती, जोएलच्या अक्षरातली. टेसीनं ती उघडली नाही. "तू सगळ्यांसमोर लिहिलंस, सगळ्यांसमोर वाच," म्हणाली.

आठवड्याच्या पहिल्या दिवशी वीस जण जमले. जोएलला कमी केल्याचा कागद सभेच्या वतीनं ज्या दोघांनी लिहिला होता, तेही आले होते. मॉर्डेकायनं फीबीचं पत्र संपवलं, चिठ्ठी उलगडली आणि वाचलं:

"बाबा, सदरे काचत नाहीत. दोन माझ्या अंगावर आहेत. तिसरा एका कैद्याला दिला, त्याच्या राखाडी कोटाखाली काहीच नव्हतं. त्यालाही तो बरोबर बसला. आईला सांग."

सभेत असतं तसं मौन स्वयंपाकघरात पसरलं, आणि मला वाटलं हे आता संपतच नाही. मग त्या दोघांपैकी एकाची म्हातारी बायको उठली आणि टेसीजवळ येऊन बसली.

"पुढच्या खेपेला लोकर पुरेल का ग तुला?" तिनं विचारलं.

त्या वर्षी माझ्यात एकवीस सदरे गेले, आणि कुणाचे कुणाला हे एकावरही लिहिलेलं नव्हतं.

जोएल परत आला का, हे तुम्ही विचारणारच. आला, एका पायानं लंगडत. सभेत परत यायचं तर केल्याचा पश्चात्ताप आहे असं लिहून द्यावं लागतं, ते त्याला लिहून देता येईना, कारण ते खोटं झालं असतं. म्हणून तो शेवटपर्यंत सभेत मागच्या बाकावर बसला, आणि मॉर्डेकाय पुढचं मानाचं बाक सोडून त्याच्या शेजारी. पुढे टपालानं पुडकी जाऊ लागली, माझी गरज संपली. मला त्याचं दुःख आहे, मी नाही म्हणत नाही.

तर मित्रांनो, जुन्या पेटीचं एक ऐका. तुमच्याही घरातलं कुणी दूर गेलं असेल, आणि घरच्यांना न पटणारं काही करून बसलं असेल, म्हणून त्याचं नाव हळूहळू पत्रांतून गळलं असेल. त्याचं तुम्हांला पटलं पाहिजे असं मी म्हणत नाही. मॉर्डेकायलाही कधी पटलं नाही. पण त्याला पत्र लिहा, नाव घालून लिहा, आणि बाकी सगळं विचारायच्या आधी विचारा, की बाबा रे, कुठे काचतंय का?