खोआच्या तळ्यातला मासा

"वहिनी, झाकण काढून बघा तरी! खोआदादाच्या तळ्यातला आहे." शेजारच्या लुओंगने बादली उंबऱ्याशी टेकवली. आत काळाभोर मरळ मासा अंग वळवत होता.

तांदूळ निवडता निवडता दिएपबाईंचा हात थांबला. "कुंपण ओलांडून गेलात, भावजी?"

"मग काय, फाटक उघडून बोलावणार होते मला? आज दादाचं श्राद्ध. बाजारचा मासा त्याच्या घशाखाली उतरायचा नाही."

"आणि तिथली ती 'मासे खाऊ नका'ची पाटी?"

"ती जित्या माणसांना. मेलेल्याला आता कसलं विष बाधतंय!"

दिएपबाईंना हसू आलं. मग नजर चुलीपाशी बसलेल्या येनकडे, त्यांच्या सुनेकडे गेली. तिचे दिवस भरत आले होते. उदबत्ती विझली की नैवेद्याचं ताट घरच्यांनीच संपवायचं, टाकलं तर पितरांचा अपमान. दिएपबाईंचा पौर्णिमेचा नेम, त्या मासळी खाणार नव्हत्या. मुलगा ट्रक घेऊन दूर गेलेला. म्हणजे घास येनच्याच वाट्याला.

विमानतळामागचं ते तळं! लढाई संपल्यावर त्याच्या काठी घर मिळालं, तेव्हा सगळ्यांनी त्यांना नशीबवान म्हटलं होतं. पहाटे खोआ छातीभर पाण्यात उतरून कमळं काढायचा. पहिलं पॅगोड्यातल्या बुद्धाला, दुसरं बायकोच्या टोपीत. संध्याकाळी मातीच्या मडक्यात मिरी घातलेला मासा मंद शिजायचा आणि गल्लीतली पोरं वासावर यायची. झाडांची पानं झडवायला विमानांतून फवारायच्या औषधाची पिंपं लढाईत वरच्या अंगालाच रचलेली होती, आणि ती गळून पावसाबरोबर सगळं तळ्यात उतरलं होतं, हे तेव्हा कुणाला ठाऊक? पाटी लागेपर्यंत त्यांची सेन, कमळाच्याच नावाची लेक, एकदाही पायांवर उभी न राहता गेली होती. मागोमाग खोआ, पोटातल्या गाठीने. आता दोघांच्या फोटोंपुढे कागदी कमळं असत.

"हा जिथून आणलात तिथेच सोडून या, भावजी. पौर्णिमा आहे, पुण्य लागेल."

"दादा रागावेल हं."

"रागावू दे. त्यांची समजूत मी घालीन."

बाजारचाच मासा त्यांनी त्याच मडक्यात, तशीच मिरी घालून शिजवला. उदबत्ती सरत आली तशी बशीत दोन नाणी टाकली. एक छापा, एक काटा पडला की पितर जेवले असं समजायचं. दोन्ही छापे पडले. पुन्हा टाकली. पुन्हा छापेच.

"बघा, ओळखलाच त्याने मासा," रिकामी बादली घेऊन दारात उभा असलेला लुओंग पुटपुटला.

"आई, बाबा जेवत नाहीत का?" येनने आतून भीत भीत विचारलं.

"तू पानं घे गं."

दिएपबाई फोटोपुढे वाकल्या. "अहो, तुमचं नातवंड आहे तिच्या पोटात. हट्ट नका करू."

तिसऱ्यांदा दोन्ही काटे.

त्या हात जोडून बसून राहिल्या. देवापुढे त्या जन्मात खोटं बोलल्या नव्हत्या. मग त्यांनी बोटाच्या टोकाने एक नाणं अलगद उलटं केलं.

"ये पोरी. जेवले ते. तू आता पोटभर जेव."

लुओंगने बादली हळूच खाली ठेवली.

येनने पहिला घास घेतला तेव्हा दिएपबाई फोटोकडे बघत नव्हत्या. बशी तळहाताने झाकून बसल्या होत्या.