निवडणारा कान

किडेकाकांच्या खोलीत दिवसा रात्र असायची आणि रात्री दिवस. रातकिड्यांनी नोकरदार माणसांच्या वेळेत गावं, यासाठी केलेली ही सोय. सकाळी नऊला काका दिवे मालवत, एक लाल बल्ब तेवढा चालू ठेवत, आणि दोनशे बरण्यांमधल्या नरांना वाटे, झाली तिन्हीसांज. संध्याकाळी सहाला घरी निघताना ते दिवे लावत आणि किडे गुमान झोपून जात. एकतीस वर्षं हा उलटा संसार बिनबोभाट चालला होता. सबंध संस्थेत वेळेवर होणारी एवढी एकच गोष्ट होती, आणि ती अंधारात होत असल्यामुळे कोणाच्या नजरेत येत नसे.

बरण्यांमध्ये दोन घराणी होती, डोंगरी आणि खोऱ्यातलं. दिसायला इतकी सारखी की बरणीवरची चिठ्ठी पडली तर काकांनाही सांगता येऊ नये. फरक फक्त गाण्यात. खोऱ्यातला नर पंखावर पंख घासून जाड आवाजात, सावकाश, जेवण झालेल्या माणसासारखा गायचा. डोंगरी नराचा आवाज सुईसारखा बारीक आणि लय द्रुत. मादी गात नाही. ती ऐकते. तिचे कान असतात पुढच्या पायांत, गुडघ्याच्या जरा खाली. त्यामुळे तिच्याबाबतीत ऐकणं आणि उठून जाणं यांत फारसं अंतर राहत नाही.

या गाण्यांवर बाईंची अठरा वर्षं गेली होती. बाई म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख. विद्यार्थिनी म्हणून आल्या तेव्हा बरणीचं झाकण कसं उघडायचं हे काकांनीच त्यांना शिकवलं होतं. बाईंचं म्हणणं असं की, मुळात हा एकच किडा. त्याच्या दोन जाती होत चालल्या, त्या मध्ये नदी आली म्हणून नव्हे की खाणं बदललं म्हणून नव्हे. निव्वळ बायकांच्या आवडीमुळे. डोंगरावरच्या माद्यांना बारीक आवाज आवडू लागला, खालच्यांना जाड. बारीक आवाजवाल्याची पोरं बारीक गाणार, पोरींना तेच आवडणार. असं होता होता एक दिवस दोघी एकमेकींच्या नवऱ्यांकडे ढुंकून बघेनाशा झाल्या, की जाती दोन झाल्या म्हणायचं. काकांना हे फार पटायचं. जगात कुठेतरी बायकांच्या आवडीने काहीतरी ठरतं, हे ऐकून त्यांना बरं वाटायचं. घरी मात्र त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं.

मूळचा डोंगर आता राहिला नव्हता. खडीच्या खाणीने तो वरून खायला सुरुवात केली आणि सहा वर्षांत पायथ्यापर्यंत संपवला. तेव्हा डोंगरी घराणं जे काही उरलं होतं, ते काकांच्या डाव्या हाताच्या मांडणीवर. ते तिथे टिकलं तर टिकलं.

म्हणून काका निवड फार काटेकोर करायचे. वर्षाला तीन पिढ्या. नर वयात आले की एकेकाला पेल्यात घ्यायचं, पेला कानाशी धरायचा आणि पाच मिनिटं थांबायचं. गायला तो डावीकडे, पुढच्या पिढीचा बाप. नाही गायला तो मुका. तो उजवीकडे, म्हणजे शेजारच्या खोलीत. तिथे सरडे होते आणि त्यांना जिवंत खाऊ लागायचा. सरडेवाला रोज सकाळी दारात वाडगा घेऊन उभा राही आणि विचारी, “आज कोणाचा आवाज बसलाय?”

आवाज मोजायचं यंत्रही होतं. पण बाईंवर चार वर्षांपूर्वी संपूर्ण विभागाचं प्रमुखपद येऊन पडलं आणि त्यांचे दिवस बैठकांत जाऊ लागले. यंत्र त्याच सुमारास बिघडलं. दुरुस्तीला पाठवू का, असं काकांनी विचारलं नाही. “यंत्र कशाला,” ते म्हणाले होते, “कान आहेत की.” बाईंनीही मान डोलावली. त्या कानांवर त्यांचा यंत्रापेक्षा जास्त भरवसा होता.

त्यानंतर डोंगरी घराण्यात मुके वाढत गेले. चाळिसात तीन, मग नऊ, मग सतरा. पंख तर वर करायचे, थरथरवायचेही, पण सूर नाही. काकांनी कारणही शोधून ठेवलं होतं: पिढ्यान्‌पिढ्या घरातल्या घरात लग्नं लावून घराणं कसाला उतरेनासं झालंय, पंखांचे दाते झिजलेत. तसं त्यांनी नोंदवहीत सुवाच्य अक्षरात लिहूनही ठेवलं होतं. बाईंनी प्रत्येक पानाखाली सही केली होती. वाचून केली होती की नाही, हे सहीवरून कळत नव्हतं.

प्रमुखपद संपलं आणि बाई परत आल्या. आता डोंगरी किड्याला वेगळी जात म्हणून नाव द्यायचं, त्यासाठी शेवटची ध्वनिमुद्रणं करायची, असा त्यांचा बेत होता. येताना यंत्र दुरुस्त करून आणलं होतं. त्यांनी डोंगरी नर मागितले तेव्हा काकांनी एकच बरणी पुढे सरकवली.

“एकच?”

“एकच, आणि तोही मुका. या खेपेला अकराच्या अकरा मुके निघाले बाई. दहा परवा सरड्यांकडे दिले. याला पाठवणार होतो, पण सरड्यांची पोटं भरली होती.” अकरा पेले कानाशी धरून काका दोन दिवस बसले होते.

बाईंनी बरणीशेजारी यंत्राची नळी ठेवली आणि बटण दाबलं. पडद्यावर एक हिरवी रेघ उमटली आणि ती वेड्यासारखी नाचू लागली.

“अजून बिघडलेलंच दिसतंय,” काका म्हणाले.

बाईंनी पडद्याकडे पाहिलं, मग बरणीकडे, मग बराच वेळ काकांकडे.

“काका, तो गातोय.”

काकांनी बरणीला डोळा लावला. लाल उजेडात नराचे पंख वर उचललेले होते आणि थरथरत होते. अशी थरथर त्यांनी गेल्या चार वर्षांत शेकड्यांनी पाहिली होती.

“कधीपासून?”

“मी आत आले तेव्हापासून.”

काका स्टुलावर बसले. त्यांनी विचारलं, तो कसा गातोय. बाईंनी पहिल्या वर्षीच्या ध्वनिमुद्रणाची रेघ शेजारी लावून पाहिली आणि म्हणाल्या, तंतोतंत तसाच. मग त्यांनी यंत्रावर आवाजाची पट्टी खाली उतरवून काकांना ऐकवला. नळातून हवा येताना होतो तसला काहीतरी घरघराट आला. काका म्हणाले, हा तो नव्हे. आणि कोणीतरी चुकीचा माणूस ओळखपरेडीत उभा केल्यासारखी त्यांनी मान हलवली.

त्या संध्याकाळी ते घरी गेले तेव्हा बायको खिडकीशी बसून पिशवीची चेन बसवत होती. चार माणसांत काका नेहमी सांगायचे की वयाबरोबर बायको किती शांत झाली, पूर्वी स्वयंपाकघरातून अखंड काहीतरी चालू असायचं. ते तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले.

“तू माझ्याशी बोलतेस का गं?”

तिने सुई थांबवली. “आता नाही.”

“म्हणजे आधी बोलायचीस?”

“तुम्ही उत्तर द्यायचं बंद केलंत. दोनेक वर्षं वाट पाहिली. मग म्हटलं, कंटाळले असतील माणसाला.” ती समोर बसून, ओठ नीट हलवत बोलत होती, म्हणून त्यांना शब्द न् शब्द कळला. “भिंतीशी किती बोलणार?”

काकांनी कानाचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, डॉक्टरकडे जाऊ म्हणाली, आणि चेन पुरी केली. ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं काकांना वाटलं. पण ती रागवायची वेळही त्यांच्या न ऐकण्यातच निघून गेली होती.

उरला होता एक नर आणि नऊ माद्या. घराणं वाचायला तेवढं पुरतं, असं बाई म्हणाल्या. काकांनी जीव मुठीत धरून तयारी केली. लांबट पेटीच्या एका टोकाला तो नर, मध्ये मादी, आणि नियमाप्रमाणे तुलनेला म्हणून दुसऱ्या टोकाला खोऱ्यातला नर. काका आता यंत्राच्या पडद्यावरून गाणं पाहत होते आणि पेटीत मादी.

डोंगरी नर गायला. हिरवी रेघ नाचनाच नाचली. पहिली मादी मिशा साफ करत बसली. दुसरीने पेटीचा कोपरा हुंगला. तिसरी उठली तेव्हा काका अर्धवट उभे राहिले. ती वळली आणि खोऱ्यातल्याकडे चालू लागली, भर दुपारी बाजाराला निघाल्यासारखी, सरळ. नऊ जणींपैकी दोघी अशा गेल्या. बाकीच्या सात कुठेच गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मग पेटी बाजूला ठेवून त्याला एकेकीबरोबर एकाच बरणीत सोडून पाहिलं. त्या त्याच्याकडे पाठ करून बसल्या.

बाई नोंदवही घेऊन बसल्या होत्या. चार वर्षं, बारा पिढ्या. त्यांनी ती या वेळी वाचली.

“काका, बारा पिढ्या मादीनं निवडलंच नाही.”

“मग कोणी?”

बाईंना ते बोलणं जड जात होतं, म्हणून त्या वहीकडे बघून बोलल्या. काकांचा कान वरच्या, बारीक सुरांच्या बाजूने मिटत आला होता. सगळ्यात बारीक आवाजाचे नर त्यांच्या लेखी आधी मुके झाले आणि सरड्यांकडे गेले. राहिले ते त्यातल्या त्यात जाड आवाजाचे. तेच बाप झाले. त्यांच्याकडे ज्या गेल्या, त्या आया झाल्या. बारीक आवाजावर जीव टाकणाऱ्या पोरी बरणीत बसून म्हाताऱ्या झाल्या, त्यांचं पुढे काही झालं नाही. डोंगरी घराण्याचा आवाज असा पायरी पायरीने खोऱ्याकडे उतरत होता, पण काकांचा कान त्याहून वेगाने उतरला, म्हणून शेवटी अकराच्या अकरा मुके ठरले. त्यातच हा एक कुठूनतरी मूळच्या गळ्याचा निपजला होता; सात जणींना हवा तो मधला आवाज मागेच सरड्यांकडे गेला होता.

“म्हणजे मी मादीचं काम केलं,” काका म्हणाले.

“हो.”

“आणि वाईट केलं.”

“तसं नाही,” बाई म्हणाल्या. “तिच्याइतकंच चोख केलंत. म्हणून तर झालं.”

डावी मांडणी गप्प होती, निदान एकाच्या लेखी. सरडेवाला दारात वाडगा घेऊन आला, दोघांची तोंडं पाहिली आणि काही न विचारता परत गेला. अशी समज त्याने यापूर्वी कधी दाखवली नव्हती.

नर सहा दिवस गायला. काकांनी त्याला खिडकीपासून दूर, ऊबदार कोपऱ्यात ठेवलं, कारण थंडीत त्यांची लय पडते. रोज सकाळी ते यंत्र लावून रेघ बघत बसत. ती हळूहळू बुटकी होत गेली. सातव्या दिवशी नऊला त्यांनी दिवे मालवले, लाल बल्ब लावला, यंत्र सुरू केलं आणि रेघ सरळ होती. तरी त्यांनी दुपारपर्यंत झाकण उघडलं नाही. सरळ रेघेवर विश्वास ठेवायला ते तयार नव्हते, यंत्रं बिघडतात.

दुपारी बाईंनी त्याला टाचणीवर घेतला. नव्या जातीला नाव द्यायचं तर नमुना म्हणून एक किडा जपून ठेवावा लागतो. तो हाच, असं त्या म्हणाल्या. नाव मिळेल, फक्त त्या नावाचं कोणी नसेल. मग नोंदवहीतलं डोंगरी घराण्याचं शेवटचं पान पुरं करायचं राहिलं. त्यात एक रकाना होता: घराणं संपण्याचं कारण. ‘रोग’ असं लिहा, बाई हळूच म्हणाल्या. रोगाने संस्थेतली कितीतरी घराणी संपली होती, एकाने भर पडली तर कोणी विचारायला येणार नव्हतं.

काकांनी चष्मा पुसला आणि लिहिलं: ‘निवड.’ पुढे कंसात आपला हुद्दा लिहिला, पूर्ण, कीटकसंगोपक, जो एकतीस वर्षांत कोणी पूर्ण उच्चारला नव्हता. वही बाईंकडे सरकवली. बाईंनी या वेळी आधी वाचलं. मग बराच वेळ पेन हातात धरून शेवटी सही केली.

खोऱ्यातल्याकडे गेलेल्या दोघींना काकांनी त्याच दिवशी उजव्या, खोऱ्यातल्यांच्या मांडणीवर हलवलं. उरलेल्या सात जणींना कापसाचा ओला बोळा आणि गाजराची चकती दिली. त्या लगेच खायला लागल्या. काका बरणीला डोळा लावून, त्यांचं खाऊन होईपर्यंत, तिथेच वाकून उभे राहिले.