ओल्गा टेकडी उतरते

डोळ्यांच्या डॉक्टरनं ऑब्रीच्या परवान्याच्या फॉर्मवर सही केली नाही, त्याला आठ महिने झाले होते. दोन्ही डोळ्यांच्या ऐन मधोमध डाग पडला होता. कडेचं सगळं दिसायचं, समोरचं तेवढं दिसायचं नाही. "आणि गाडी चालवताना नेमकं समोरचंच लागतं," असं डॉक्टर फार नम्रपणे म्हणाला. चाळीस वर्षं ओल्गा चालवणारा माणूस त्या दिवसापासून ओल्गाचा प्रवासी झाला.

ओल्गा म्हणजे चौसष्ट सालचा बेडफोर्ड ट्रक, आणि त्याच्या पाठीवर ऑब्री आणि ग्लेनिसचं घर. लाकडी भिंती, लोखंडी चूल, छपरातून वर निघालेलं धुराडं, आणि एका पाडलेल्या प्रार्थनामंदिराची रंगीत काचेची खिडकी. त्या मंदिरात ग्लेनिसचे वडील दर रविवारी प्रवचन करायचे, तेही गाऊन. पेटी वाजवायला कुणी नसलं तर बुटाच्या टाचेवर ठेका धरायचे. मंदिर पडलं तेव्हा खिडकी ओल्गाला मिळाली आणि प्रवचनं ग्लेनिसच्या गळ्यात राहिली.

हिवाळाभर लाकडाच्या वखारीच्या आवारात गिरवून ग्लेनिसनं अवजड गाडीचा परवाना काढला. वय एकोणसत्तर. परीक्षा घेणाऱ्या पोरानं तिला विचारलं, "आजी, नक्की ना?" ती म्हणाली, "बाळा, तू तुझं लिही."

आता प्रश्न टाकाकाच्या टेकडीचा होता. दर फेब्रुवारीत टेकडीपलीकडच्या नदीकाठच्या कुरणात सगळी ट्रकवरची घरं जमतात. तिकडे जायचा रस्ता एकच. आठशे मीटर वर चढायचं, तेवढंच खाली उतरायचं, आणि सरळ रस्ता म्हणाल तर माथ्यावर थोडासा. ऑब्रीनं आपणहून ठरवून टाकलं होतं: ग्लेनिसनं ओल्गा धडपणे पलीकडे नेली तर घर आपलं. नाही जमलं तर क्विन्टनचं.

क्विन्टनची नेल्सन शहराजवळ सफरचंदाची बाग होती. ओल्गाचं इंजिन काढून, चाकांखाली विटा लावून तिला झाडांमध्ये उभी करायची आणि सुट्टीला येणाऱ्या जोडप्यांना रात्रीच्या भाड्यानं द्यायची, असा त्याचा बेत. तो आजवर फक्त फोनवर बोलला होता. बोलणं फार अदबीचं. शनिवारी चार वाजता कुरणात कागद घेऊन येतो, सोमवारपर्यंत मेळ्यातच राहतो म्हणाला होता.

"विटांवर का होईना, घर उभं राहील," ऑब्री म्हणाला.

"कोंबडीसुद्धा खुराड्यात उभी राहते," ग्लेनिस म्हणाली.

पुढे शेजारी बसून ऑब्रीला गप्प राहता येत नाही हे वखारीतच सिद्ध झालं होतं. म्हणून तो मागे घरात, खिडकीजवळच्या खुर्चीत पट्टा लावून बसला, आणि मधल्या भिंतीवर लाकडी चमच्यानं ठोकून सांगायचं ठरलं. एक ठोका म्हणजे वरचा गिअर, दोन म्हणजे खालचा, तीन म्हणजे थांब. मोट्युएका गाव सोडून पहिलं वळण येईपर्यंत सतरा ठोके झाले होते.

ओल्गाचा गिअर एका दमात पडत नाही. क्लच दाबायचा, दांडा मधे आणायचा, क्लच सोडायचा, पुन्हा दाबायचा, मग गिअर घालायचा. ताल चुकला की आतून पत्र्याचं पिंप जिन्यावरून लोटल्यासारखा आवाज येतो. चढावर तो आवाज चार वेळा आला. प्रत्येक वेळी मागून ठोके पडले, आणि ते कुठल्या गिअरचे हे ठोकणाऱ्यालाही सांगता आलं नसतं. पाचव्या वेळी गाडी बंद पडून हातभर मागे घसरली. मागच्या मोटारीतल्या बाईनं दोन्ही हात डोळ्यांवर ठेवले. ग्लेनिसला ते आरशात स्वच्छ दिसलं.

माथ्यावर रुंद जागा होती तिथे तिनं ओल्गा बाजूला घेतली. मागे साचलेल्यांना वाट द्यावी लागते. ट्रकवर घर बांधणाऱ्यांचा तो पहिला धर्म. अकरा मोटारी गेल्या. दोघांनी हात केला, एकानं वेगळाच हात केला. ग्लेनिस स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिली. तिच्या मनानं सही करून टाकली होती. पेन तेवढं क्विन्टनचं यायचं होतं.

इथे एक गोष्ट झाली. उतार लागण्याआधी माथ्यावर उतरायचं आणि चारी चाकांच्या मधल्या तुंब्यांना हाताची उलटी बाजू लावून पाहायची, कुठलं तापलंय का ते. हे काम चालवणाऱ्याचं. चाळीस वर्षं ते ऑब्री करत आला होता, आणि ग्लेनिस चाळीस वर्षं पुढे बसून राहत आली होती. आज चालवणारी ती होती हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. ती बसून राहिली आणि तो मागच्या दारानं उतरला. दाराचा खटका वाजला. ग्लेनिसला वाटलं, वारं खाऊन झालं, लावून घेतलंन दार. उजवीकडच्या आरशात रस्ता मोकळा होता. ऑब्री तुंबे तपासून डावीकडच्या झुडपात गेला होता, वयानुसार जावं लागतं तसा.

ओल्गा निघाली.

पहिलं वळण गेलं, ठोका नाही. दुसरं गेलं, नाही. रुसलाय, ग्लेनिसला वाटलं. रुसू दे, शेवटची खेप आहे. आणि इतक्या शांततेत माणूस करणार काय? तिच्या नकळत तिनं वडिलांचं नोहाचं आख्यान लावलं. तारू सांगून झालं, जनावरांच्या जोड्या चढून झाल्या, आणि वडील जिथे टाच आपटून ध्रुपद घ्यायचे तिथे तिचा पाय आपोआप क्लचवर पडला. "सुकाणू नव्हतं तारवाला, पण वाहणारा वर होता." दाब, सोड, दाब, गिअर लोण्यात सुरी जावी तसा गेला. तिला वाटलं, चुकून झालं असेल. पुढच्या वळणावर पुन्हा ध्रुपद घेतलं. पुन्हा गेला.

मग तिनं मागे पाहिलं नाही. पाऊस पडला, पाणी चढलं, शेजारीपाजारी बुडाले. वडील या जागी नेहमी रडत, म्हणून तीही थोडी रडली. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला धरून ठेवत होतं, ब्रेकला पाय लावायचं कामच पडेना. दोनदा तिनं बाजूला घेऊन मोटारींना वाट दिली. एक पांढरी व्हॅन मात्र दोन्ही वेळा पुढे न जाता मागेच थांबली. शिकाऊ असेल बिचारा, असं म्हणून तिनं त्याच्यासाठी आणखी हळू घेतलं.

कबुतर पानाची डहाळी घेऊन परत आलं तेव्हा टाकाका गाव मागे पडून कुरणाचं फाटक समोर होतं.

कुरणात तीसेक घरं लागली होती. धुराड्यांतून धूर निघत होता, एका जुन्या बसच्या छपरावर कुणी वांग्यांची रोपं घेऊन आलं होतं. मेळा चालवणारी आंटी पारे काठी टेकत पुढे आली. आंटीचं वय कुणी विचारत नाही. जेवणाआधीची तिची माओरी प्रार्थना ती गाऊनच म्हणते, आणि पूर्वरंगच एवढा रंगतो की सॉसेज थंड होतात. तरी कुणी डोळे उघडत नाही.

"हे काय गं, तू आणलीस? एकटीनं?" आंटीनं विचारलं.

"एकटी कुठली? मागे आहे ना आमचं ठोक्यांचं यंत्र. सबंध उतारभर एक अक्षर नाही. आंटी, चाळीस वर्षांत माणूस पहिल्यांदा खूश झाला!"

"बघू तरी कसा दिसतो तो खूश झाल्यावर," म्हणून आंटीनं मागचं दार उघडलं. मग बराच वेळ ती आत बघत राहिली. "ग्लेनिस, खूश झाल्यावर तो दिसतच नाही."

खुर्ची रिकामी होती. पट्टा नीट सोडून ठेवलेला होता.

पडला? कुठे पडला? पट्टा सोडून कोण पडतं? मग तो खटका आठवला. माथा आठवला. समोरचं न दिसणारा म्हातारा वळणावळणाच्या रस्त्यावर उभा, आणि टेकडीवर फोन लागत नाही.

"थांब, कुणाची तरी छोटी मोटार घेऊ..." आंटी म्हणेपर्यंत ग्लेनिस पुढे चढून बसली होती. ओल्गा चालू झाली. तीन टनांचं घर तिनं दोन तंबू आणि एका वाफाळत्या किटलीच्या मधून मागे घेतलं, वळवलं आणि फाटकाकडे लावलं. किटलीवाला आपल्या खुर्चीतून उठलासुद्धा नाही, इतक्या सफाईनं.

फाटकात पांढरी व्हॅन आडवी आली. तिच्यातून ऑब्री उतरला. त्याच्या हातात मटणाचा पफ होता, अर्धा खाल्लेला.

"कुठे निघालीस?" त्यानं विचारलं.

"तुला आणायला, मूर्खा!"

"मी तर आलोय."

"मेला असतास म्हणजे?"

"भूक लागली होती फक्त. गावात बेकरीपाशी थांबलो." त्यानं पफनंच व्हॅनकडे दाखवलं. "या मुलानं माथ्यावर घेतलं मला. चांगला आहे. सफरचंदं लावतो."

व्हॅनमधून उतरलेल्या माणसाच्या काखेत कागदांची फाइल होती. तो अदबीनं म्हणाला, "मी क्विन्टन. आपण फोनवर बोललो होतो."

ग्लेनिसनं त्याला सोडून ऑब्रीकडे मोर्चा वळवला. "म्हणजे मागे होतास? सबंध उतार? दिवे तरी दाखवायचे, भोंगा तरी वाजवायचा!"

"तो वाजवत होता. मीच हात धरला."

"का?"

ऑब्रीनं पफचा एक घास खाल्ला आणि सावकाश गिळला. "मला ओल्गाचं ढुंगण कधी बघायला मिळालं नव्हतं. दिसलं नाहीच म्हणा, मधोमध होतं. म्हणून याला विचारत होतो, लाल दिवा लागला का? ब्रेक मारला का? दर वळणाला हा म्हणतो, नाही."

"तीनदा लागला," क्विन्टन म्हणाला. "त्यातला एक मेंढीसाठी. माझ्या ब्रेकचा मात्र जळका वास येतोय, काका, तुम्हालाही आला ना?"

"आला. मी सभ्यपणानं बोललो नाही."

"आणि तू?" ग्लेनिसनं ऑब्रीला विचारलं. "तुझे उतरताना किती ब्रेक लागायचे?"

ऑब्री नदीकडे बघू लागला. म्हणजे नदी कडेला येईल अशा बेतानं त्यानं मान वळवली. "नऊ," तो म्हणाला. "कोरड्या रस्त्यावर."

आंटी पारेनं काठी हिरवळीत रोवली. क्विन्टननं फाइल काखेतून काढली, तिच्याकडे पाहिलं आणि व्हॅनच्या खिडकीतून आतल्या बैठकीवर टाकली.

"बागेत उभी करायला मी दुसरं काही बघतो," तो म्हणाला. "जे चालत नसेल असं."

"चहा घेशील ना, बाळा?" ग्लेनिस म्हणाली. मग ऑब्रीकडे वळली. "घर विकायचं नाही. आणि ते चमच्याचं प्रकरण आजपासून बंद. तू ठोकत असलास की माझं गाणं लागत नाही, आणि गाणं लागलं नाही की गिअर लागत नाही."

"मग उतारावर मी बसू कुठे? मागे नुसतं गप्प बसणं मला जमायचं नाही, ग्लेन. खरं सांगतो."

"ठाऊक आहे मला ते."

ऑब्रीनं उरलेला पफ संपवला, बोटं पाटलोणीला पुसली आणि मान जराशी वाकडी करून क्विन्टनला नजरेत आणलं.

"सोमवारी परत जाताना," त्यानं विचारलं, "तू साधारण किती वाजता निघणार?"